गुडघे आधी, व्हिसा नंतर

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एकीने टूम काढली, की यंदा सगळ्यांची पन्नाशी आहे तर प्रत्येकाने आपापली बकेट लिस्ट टाकायची, दहा गोष्टी, लाजायचं नाही. दोन दिवसांत धडाधड याद्या आल्या आणि खरं सांगते, नावं झाकली असती तर कुठली कोणाची ते ओळखूच आलं नसतं. स्वित्झर्लंड, नॉर्दर्न लाइट्स, स्कायडायव्हिंग, मालदीवचं ते पाण्यावरचं कॉटेज, एक पुस्तक लिहायचंय, गिटार शिकायचीय. एकाने एव्हरेस्ट बेस कॅम्प टाकलं होतं. हा तोच, जो गेटटुगेदरला लिफ्ट बंद आहे म्हणून तिसऱ्या मजल्यावर यायला कुरकुर करत होता. पण बेस कॅम्प म्हणजे ५,३६४ मीटर, लुकलाच्या विमानतळावर उतरल्यापासून जाऊन-येऊन बारा-चौदा दिवसांची चाल. मी त्याला खाली नुसतं "कधी?" असं विचारलं तर म्हणे रिटायर झाल्यावर, मग वेळच वेळ.

ते "रिटायर झाल्यावर" माझ्या डोक्यात बसलं. कारण मीही मनातल्या मनात तेच करत आले होते, म्हणजे आत्ता मुलाचं शिक्षण, मग घराचे हप्ते, आणि अवघड-अवघड गोष्टी सगळ्या साठीनंतर. आणि सोप्या गोष्टी आत्ता. हे उलटंच आहे की हो! साठीनंतर वेळ असेल, थोडेफार पैसेही असतील, पण साल्हेरचा किल्ला चढणारे गुडघे कुठून आणायचे?

मग बँकेच्या फुकट मिळालेल्या डायरीत बसून यादी केली. आधी सुचेल ते लिहून काढलं, पान भरलं, मागचंही भरलं, आणि मग त्याचा क्रम लावायला घेतला. क्रम लावताना "मला काय जास्त हवंय" हा प्रश्न विचारलाच नाही. सगळंच हवं असतं, त्याला काही अर्थ नाही. प्रश्न असा विचारला की यातलं काय आधी संपणार आहे? गुडघ्यांमुळे संपणार, माणसांमुळे संपणार, की त्या गोष्टीचंच काही ठरलेलं वेळापत्रक आहे. पैशांमुळे जे अडलंय ते सगळं शेवटी, कारण पैसे पुढेही येऊ शकतात (येतीलच असं नाही, पण येऊ शकतात). गुडघे येत नाहीत.

ही याद्यांची भानगड काही आजची नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला जॉन गोडार्ड नावाचा मुलगा होता, त्याने १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आयुष्यात काय काय करायचं याच्या १२७ गोष्टी लिहून काढल्या होत्या. त्यात नाईल नदी होती, एव्हरेस्ट होतं, अख्खा एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका वाचणं होतं, चंद्रावर जाणंसुद्धा होतं. पठ्ठ्याने पुढे खरंच छोट्या होडीतून नाईल केली. एव्हरेस्ट आणि चंद्र राहिले. पण पंधराव्या वर्षी क्रमाबिमाची गरज काय, सगळंच पुढे पडलेलं असतं. आपल्याला या वयात १२७ परवडत नाहीत, आणि जे परवडतं त्याला नंबर लावावे लागतात.

नंबर लावणं म्हणजे नक्की काय ते किल्ल्यांवरून सांगते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा आपल्याकडे आणि बारावा जिंजी, तमिळनाडूत. बातमी आली त्या रात्रीच नवऱ्याने जाहीर केलं की हे बाराही करायचे. मी म्हटलं करू, पण तू म्हणतोस तसे शिवनेरीपासून इतिहासाच्या क्रमाने नाही. पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते, सत्तरीतही बघता येईल. रायगडाला रोपवे आहे. प्रतापगडाला गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या. लोहगड पायऱ्यांचाच. विजयदुर्ग चालत आत शिरायचं. सिंधुदुर्गला मालवणहून होडी, सुवर्णदुर्गला हर्णैहून, खांदेरीला थळहून, म्हणजे तिथे गुडघ्यांपेक्षा समुद्राचा प्रश्न, पावसाळा सोडून कधीही. शिवनेरीला पायऱ्या बऱ्याच, पण दमादमाने होतात. उरले साल्हेर, राजगड आणि जिंजी. साल्हेर १,५६७ मीटर, आपल्या राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. राजगडाचा बालेकिल्ला म्हणजे कड्याला चिकटून, रेलिंगला धरून चढायचं प्रकरण. आणि जिंजी म्हणजे एक किल्ला नाहीच मुळी, तीन डोंगर आहेत, त्यातला राजगिरी नुसता खालून बघितला तरी मान दुखते म्हणतात. राजाराम महाराज तिथे होते आणि मुघलांना तो घ्यायला १६९८ साल उजाडलं, आठेक वर्षं वेढा चालला, ते का ते वर गेल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा हे तीन आधी, बाकीचे नऊ मागे. नवऱ्याला आधी हे पटलं नाही, त्याला शिवनेरीच पहिला हवा होता, मग तो जिना उतरताना मी त्याच्याकडे नुसतं बघत उभी राहिले. चढताना काही होत नाही हो, उतरताना कळतं. माझ्या ऑर्थोपेडिकनेही तेच सांगितलंय.

वेळापत्रकवाल्या गोष्टी मात्र वेगळ्याच मजेच्या आहेत. आमचं ठाण्याचं येऊर. २०२४ च्या पावसाळ्यात तिथे कारवी फुलली होती. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, मग २०२४. मधली सात वर्षं ती नुसती हिरवी खरखरीत पानांची झुडपं, कोणी ढुंकून बघत नाही, आणि मग एका पावसाळ्यात उतारच्या उतार जांभळे. जवळून बघितलं तर फूल घंटीसारखं, आणि फुलोऱ्याला हात लावला की बोटं चिकट होतात, त्याचा एक उग्र वास येतो तो घरी येऊन साबणाने धुतला तरी जात नाही. आणि मधमाश्या! बोलायची सोय नाही इतक्या. तिथली एक बाई सांगत होती, की याच्याच काठ्यांचे कुड करतात, वरून शेणमातीने लिंपलं की झाली भिंत. आणि फुलून झालं की ते झुडूप मरतंच. बिया बोंडात बसून राहतात आणि पुढच्या वर्षी पाणी लागलं की बोंडं तडातड फुटतात. हे तडतडणं मला ऐकायचं होतं, ते राहिलं. आता पुढची कारवी २०३२ ला, मी छप्पन्न वर्षांची असेन, त्यानंतरची २०४० ला चौसष्ट. म्हणजे फार तर अजून तीन-चार वेळा. तडतडणं त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २०३३. लिहून ठेवलंय.

असंच मुन्नारच्या नीलकुरिंजीचं, ती तर बारा वर्षांनी. २०१८ ला फुलली आणि नेमका त्याच वर्षी केरळात महापूर आला, ऑगस्टमध्ये कोण जाणार तिकडे. पुढची २०३०. ती चुकली की थेट २०४२, सहासष्टाव्या वर्षी. कुरिंजीला गुडघे फारसे लागत नाहीत पण तारीख लागते, म्हणून ती वरच्या भागात.

आणि ग्रहण. १९९५ चं खग्रास ग्रहण आठवतंय? ऐन दिवाळीत आलं होतं. मी कॉलेजात, आणि आजीने सगळ्या खिडक्या लावून आम्हाला घरात बसवलं होतं, वर पाण्यात तुळशीपत्र. आपल्याकडे ते खंडग्रासच होतं पण तेसुद्धा बघू दिलं नाही. तेव्हापासून मला खग्रास बघायचंय, पूर्ण काळोख, भर दिवसा चांदण्या दिसतात ते. तर २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे, एवढं लांब ग्रहण म्हणजे चैन आहे. मी लगेच हिशोब करायला बसले, तिकीट, व्हिसा, ऑगस्टातलं लक्सर म्हणजे चाळीसच्या वर तापमान, असू दे. तर सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी विचारलं कधी म्हणालीस? म्हटलं २ ऑगस्ट. म्हणे अगं ती तर सोमवती, त्या दिवशी नाशिकला सिंहस्थाचं पहिलं स्नान आहे, मला त्र्यंबकेश्वरला न्यायचं कबूल केलंय तुम्ही!

आणि खरंच की, एकच अमावस्या! सूर्यग्रहण अमावस्येलाच होणार, आणि स्नानही त्याच अमावस्येला. मला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंना एक्याऐंशी चालू आहे. पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी. माझ्या स्वतःच्याच नियमाने बघायचं तर उत्तर सरळ आहे, लक्सर गेलं. तसं २० मार्च २०३४ ला एक खग्रास आपल्याकडे जम्मू-काश्मीर-लडाखच्या बाजूने जातंय, तेव्हा मी अठ्ठावन्नची. मार्चमध्ये तिकडे बर्फ, ढग असले तर सगळंच मुसळ केरात, पण व्हिसा तरी लागणार नाही. सासूबाई म्हणाल्या तेव्हा जा तू खुशाल, मी काही आडवी येणार नाही. असल्या गोष्टी त्या इतक्या सहज बोलतात की आपल्यालाच पुढे काय बोलावं सुचत नाही.

त्यांची स्वतःची यादी एकाच ओळीची आहे. नरसोबाच्या वाडीचा दक्षिणद्वार सोहळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, देऊळ अगदी काठावर, आणि पावसाळ्यात नदी चढली की पाणी उत्तरेच्या दारातून आत येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या दक्षिण दारात उभं राहून त्या पाण्यात स्नान करायचं, तो हा सोहळा. आता याला तारीख नाही. पंचांगात नाही, वेबसाइटवर नाही, बुकिंग नाही. वर धरणांतून किती पाणी सोडलं, घाटात पाऊस किती झाला यावर सगळं. पाणी कमी असलं तर आत येत नाही, जास्त झालं तर देऊळच पाण्याखाली जातं आणि उत्सवमूर्ती वर हलवतात. त्या दोन्हींच्या मधले जे काही तास असतील तेवढेच आपले.

आणि आम्ही राहतो ठाण्यात. सासूबाईंची एक मावसबहीण शिरोळला असते, तिला सांगून ठेवलंय, पाणी पायऱ्यांवर आलं की फोन कर. मागच्या पावसाळ्यात आला तिचा फोन, दुपारी. "पाणी चढतंय गं, येत असलात तर या." घरात जी पळापळ झाली म्हणता! मी ऑफिसातून थेट ठाणे स्टेशन, नवऱ्याने रिझर्वेशनसाठी काय काय खटपटी केल्या ते त्याचं त्याला माहीत, महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर, सकाळी जयसिंगपूरला उतरलो तर पाऊस कोसळतोय. रिक्षावाला म्हणाला, "रातीच द्वार झालं बघा ताई, आता पाणी लई वर गेलंय." तरी गेलो. लांबूनच दिसलं, कळस आणि पाणी, मधे काही नाहीच. लाल-गढूळ पाणी, त्यात कुठल्या तरी शेतातला आख्खा ऊस वाहत चाललेला. मला वाटलं आता सासूबाई रडतील. त्यांनी हात जोडले, दोन मिनिटं उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या कवठाची बर्फी घे अर्धा किलो, बासुंदी मात्र प्रवासात टिकायची नाही, ती इथेच खाऊ.

तेव्हापासून त्यांच्या कॉटखाली बॅग भरलेली असते. दोन नऊवारी, टॉवेल, गोळ्यांचा डबा, छत्री, काठी, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, कारण पंचाहत्तरच्या वरच्यांना एसटी फुकट आहे ना, आणि कंडक्टर मागतो. मी एकदा म्हटलं आई, ट्रेनने जाणार आपण, तर म्हणे जयसिंगपुरातून पुढे? रिक्षावाल्याने मागल्या वेळी किती घेतले विसरलीस? माझ्या यादीत आता पहिल्या नंबरवर हीच गोष्ट आहे. ऑफिसात साहेबांना सांगून ठेवलंय की जुलै-ऑगस्टमध्ये कधीतरी मी एका फोनवर गायब होईन, कारण विचारू नका, नदी आली म्हणून समजा.

एसटीवरून आठवलं, महामंडळाची ती "आवडेल तेथे प्रवास" योजना आहे, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि राज्यभर कुठेही फिरायचं. लहानपणी काकाने त्या पासावर आख्खा विदर्भ केला होता आणि आल्यावर महिनाभर त्याच गप्पा. मला सात दिवसांचा पास काढून ठाण्याहून निघायचंय आणि पार सिरोंच्यापर्यंत जायचंय, वाटेत लोणार, तिथलं ते उल्कापाताने झालेलं विवर, २०२० ला पाणी गुलाबी झालं होतं ते. आता २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट असल्याने पास परवडतो की तिकीट ते कागद-पेन घेऊन बघावं लागेल. हे काम कंबरेचं आहे, गुडघ्यांचं नाही, पण सात दिवस लाल डब्यात बसणारी कंबर साठीनंतर असेल का याचीही खात्री नाही, तेव्हा मध्यात कुठेतरी टाकलंय.

वारीपाशी येऊन मात्र माझा हा सगळा सिद्धांत आडवा पडला. आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचंय, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि मी ते अर्थातच "गुडघे, तातडीचे" मध्ये टाकलं होतं. पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा मी केलाय, मोठ्यातला मोठा टप्पा तो, दिवे घाटासकट. घाटात मी अर्ध्यावर कठड्याला टेकून पाणी पीत होते, आणि बाजूने एक आजी गेली, माझ्या सासूबाईंच्या वयाची असेल, डोक्यावर तुळस, पायात साध्या स्लीपर, आणि वर मलाच म्हणते, "बसू नगं माउली, बसलीस का पाय धरत्यात." आणि गेली पुढे. मी दोनशे रुपयांचा नी-कॅप घालून. तेव्हा वारी कुठल्या रकान्यात टाकायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती सध्या समासात आहे. तिथे गुडघ्यांपेक्षा वीसेक दिवसांची सलग रजा हाच खरा अडथळा आहे, आणि खरं बोलायचं तर रोज वेगळ्या गावात तंबूत झोपायची आणि आडोशाला जायची तयारी.

प्रवासाव्यतिरिक्तच्या गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्या मलाच थोड्या कंटाळवाण्या वाटतात. पोहायला शिकायचंय, महापालिकेच्या तलावावर लेडीज बॅच आहे, फॉर्म आणलाय. मृत्युपत्र करायचंय, ते सगळे टाळतात, आम्हीही. एक मात्र खरं मनापासून आहे. आमच्या माहेरी आजोबांच्या ट्रंकेत कागदांचा एक गठ्ठा आहे, सगळा मोडी लिपीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत घरात कोणी ना कोणी वाचणारं होतं, आता कोणालाच येत नाही. जमिनीचे कागद असतील, पत्रं असतील, वाण्याचा हिशोबही असेल, काय सांगावं. मोडीचे वर्ग चालतात, ऑनलाइनही असतात, त्यामुळे शिकणं काही अवघड नाही. पण मला नुसती अक्षरं वाचता येऊन काय उपयोग, त्यात "चिरंजीव बापू" लिहिलं असेल तर हा बापू म्हणजे कोण ते सांगणारी आमची एक आत्याच उरलीये, चौऱ्याऐंशीची. तिला सगळ्यांची नाती, भांडणं, कोण कुणाकडे दत्तक गेलं ते तोंडपाठ. म्हणून मोडी पोहण्याच्या वर गेली. दिवाळीनंतरच्या बॅचला नाव घातलंय आणि आत्याला सांगितलंय की तुझी परीक्षा घ्यायला येणार आहे. ती म्हणाली लवकर ये, मी काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही.

नॉर्दर्न लाइट्स माझ्याही यादीत आहेत हो, मी काही संत नाही. पण शेवटून दुसऱ्या. तिथे नॉर्वेत ट्रॉम्सोला जाऊन जाड कोट घालून रात्री आकाशाकडे बघत उभं राहायचं, ते सत्तरीतही जमेल. युरोपची बस टूर तर खास त्या वयासाठीच काढलेली असते, बरोबर महाराज असतो, संध्याकाळी वरण-भात मिळतो, म्हणून तीही तळाशी. स्कायडायव्हिंग मी खोडलं. ते मला कधी हवंच नव्हतं, ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं म्हणून हात वळला होता.

आणि अगदी शेवटी हॅलेचा धूमकेतू. १९८६ ला बाबांनी पहाटे गच्चीवर नेऊन दाखवला होता, कापूस विस्कटल्यासारखं काहीतरी धुरकट, मी दहा वर्षांची, थंडीने कुडकुडत होते आणि खोटंच म्हटलं हो हो दिसला. पुन्हा येणार २०६१ ला. मी पंचाऐंशीची. खोडलेला नाही. नवरा म्हणाला काहीही, मी म्हटलं तुझे बारा किल्ले कर आधी.

तर आत्ताची परिस्थिती अशी, की किल्ल्यांत पहिला साल्हेर. नाशिकहून सटाणा-ताहाराबादमार्गे वाघांबेला जायचं, पहाटे चढायला सुरुवात. नवरा डिसेंबर म्हणतोय, मी जानेवारी म्हणतेय कारण डिसेंबरात माझं ऑफिसचं ऑडिट असतं. नाशिकच्या रिझर्वेशनची घाई नाही, आता साठच दिवस आधी उघडतं. त्याच्या बुटांचे तळ सुटलेत ते मात्र या रविवारी घ्यावे लागतील, म्हणजे नवे पायात रुळायला महिना-दीड महिना तरी मिळेल.